बाराशेंचा एक रुपया

बाराशें रुपयांचा एक रुपया कसा होतो, तें आम्हीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. शाळेंत असतांना गणितांत आम्ही बेताचेच होतों हें आमच्या गुरुजनांस ठाऊक आहे. परंतु ही किमया त्या काळची नव्हे. ती घडली २०१८ सालीं, आम्ही संगणकाच्या धंद्यांत पडून कांहीं वर्षें लोटल्यावर; आणि तिचा भुर्दंड आमच्या खिशास न पडतां ऊसतोडणीस जाणाऱ्या एका बाईच्या अब्रूस पडला.

प्रकार असा झाला. आमची आई गांवीं महिलांच्या एका बचत गटाचा हिशेब पाहते. दरमहा प्रत्येकीचे दोनशें रुपये. हा हिशेब फोनवर ठेवतां यावा म्हणून आम्हीं तिला जावास्क्रिप्ट भाषेंत एक लहानसा प्रोग्राम करून दिला, आणि नव्या विद्येच्या तोऱ्यांत तिची जुनी वही बंद करावयास लाविली. नोव्हेंबरांत तोडणीस निघण्यापूर्वीं गटांतील एका बाईनें सहा महिन्यांचे बाराशें रुपये एकदम आगाऊ भरले. आईनें नेहमींच्या सवयीनें '१,२००' असें, मध्यें स्वल्पविराम देऊन, टाइप केलें. आमच्या प्रोग्रामनें मराठी अंकांचे इंग्रजी अंक केले आणि तो मजकूर 'पार्सफ्लोट' नांवाच्या क्रियेच्या हवालीं केला. ही क्रिया डावीकडून वाचीत जाते, आणि जेथें तिला अर्थ लागेनासा होतो तेथें निमूटपणें थांबते. तक्रार म्हणून करीत नाहीं. स्वल्पविरामाशीं ती थांबली. तिनें वाचला होता तो केवळ 'एक'. बाईच्या नांवें एक रुपया जमा झाला. इतर सर्व जणी दोनशें भरणाऱ्या. दोनशेंत स्वल्पविराम येत नाहीं, म्हणून कोणाच्याहि लक्षांत कांहीं आलें नाहीं.

एप्रिल २०१९ मध्यें बाई परतली आणि मुलीच्या शिक्षणासाठीं गटाकडे कर्ज मागूं लागली, तों यादींत तिच्या नांवापुढें ११९९ रुपयांची थकबाकी! सभेंत कोणी कांहीं बोललें नाहीं असें आई सांगते. परंतु कांहीं न बोलण्याचेहि अनेक प्रकार असतात. "ताई, पैसे तुमच्याच हातांत दिले होते," एवढेंच म्हणून ती उठून गेली. त्या रात्रीं आईनें नोव्हेंबरांतील बँकेची भरणा पावती शोधून काढली. पावतीवरील रक्कम हिशेबापेक्षां बरोबर ११९९ रुपयांनीं अधिक होती. सकाळीं ती त्या बाईच्या दारीं गेली, आणि तेथून परत आल्यावर तिनें आम्हांस फोन केला. रागावली नाहीं. "अरे, तुझी चूक असेल तर तूं ये आणि सर्वांसमक्ष सांग," इतकेंच म्हणाली.

आम्ही गेलों आणि सांगितलें. परंतु एक गोष्ट त्या दिवशीं सांगण्याचें धैर्य झालें नाहीं, ती येथें सांगतों. ही चूक आम्हांस आठ महिन्यांपूर्वींच सांपडली होती!

आमच्या मामांचें किराणा मालाचें दुकान आहे. त्यांच्या उधारीसाठींहि आम्हींच प्रोग्राम केला होता. मार्च २०१८ मध्यें एका गिऱ्हाइकाच्या दीड हजारांचा एक रुपया झाला. दुकानदाराचा डोळा तो! मामांनीं त्याच क्षणीं हांक मारिली, "भाचेबुवा, तुमचें हें यंत्र मला भिकेस लावणार!" आम्हीं स्वल्पविराम गाळण्याची एक ओळ घातली आणि विसरून गेलों. तोच मजकूर आम्हीं आईच्या प्रोग्राममध्यें आणि आपल्या शाळेच्या ग्रंथालयाच्या नोंदवहींत जसाच्या तसा नकलून ठेविला होता, याची आठवणहि झाली नाहीं. (ग्रंथालयांत ही चूक कधींच प्रकट झाली नाहीं, दंड हजारावर जाईल इतके दिवस पुस्तक कोणीं दडवून ठेविलें नसावें.) दुसऱ्याच्या वहींतून नक्कल करणें हा अपराध आहे, हें आम्हांस याच शाळेंत शिकविलें होतें. स्वतःच्या वहींतून नक्कल करण्याविषयीं मात्र कोणी कांहीं म्हणालें नव्हतें.

त्या उन्हाळ्यांत आम्हीं ठरविलें कीं, रक्कम वाचण्याचें व दाखविण्याचें काम तीन ठिकाणीं नव्हे, एकाच ठिकाणीं राहील. आमचे तीनहि प्रोग्राम 'व्ह्यू' नांवाच्या फ्रेमवर्कवर उभे होते. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. आंतील माहिती बदलली कीं पडद्यावरील मजकूर बदलावा, ही नित्याची खटपट तो सांगाडा करितो; आपण केवळ आपल्या कामाचें लिहावें. व्ह्यू हा इव्हान यू यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केला. तो लहान आहे, म्हणजे त्यानें पुष्कळ गोष्टी मुद्दामच आंत घेतलेल्या नाहींत, आणि बाहेरून जोडण्यासाठीं एक खुंटी ठेविली आहे. त्या खुंटीस अडकविण्याच्या वस्तूस प्लगइन म्हणतात. तिची अट एकच: तिच्यांत 'इन्स्टॉल' नांवाची क्रिया असावी. प्रोग्राममध्यें 'यूज' अशी एक ओळ लिहिली कीं सांगाडा ती क्रिया चालवितो, आणि आपण स्वतः व मालकानें दिलेल्या सूचना तिच्या हवालीं करितो. चुकून दोनदां जोडलें तरी तो एकदांच जोडतो.

खुंटी सोपी, तिला काय अडकवावें हें ठरविणें अवघड. पहिल्या उत्साहांत आम्हीं प्लगइनमध्यें मामांच्या दुकानाचे कराचे दर घातले, ग्रंथालयाच्या दंडाचा नियम घातला, तारखाहि घातल्या. मग तें आईच्या प्रोग्रामला जोडून पाहिलें, तों बचत गटाच्या यादींत प्रत्येकीच्या नांवापुढें 'उशिराचा दंड' असा रकाना उमटला! हें आमच्याच घरीं, आमच्याच टेबलावर घडलें म्हणून निभावलें. ज्या बाईस आम्हीं एकदां थकबाकीदार ठरविलें होतें, तिच्यापुढें तो रकाना आला असता तर आईस गांवांत तोंड दाखवितां आलें नसतें. त्या सायंकाळीं जें जें एकाच घरचें होतें तें तें त्या त्या घरीं परत पाठविलें. प्लगइनला दुकान ठाऊक नसावें, गट ठाऊक नसावा. त्याला केवळ आकडे ठाऊक असावेत. घरोघर वेगळें असेल तें, म्हणजे अंक मराठी हवेत कीं इंग्रजी, रुपयाचें चिन्ह हवें कीं नको, तें मालकानें सूचनांतून सांगावें.

छाटणी चालू असतां आणखी एक शोध लागला, तो कबूल करावयास लाज वाटते. लाख-कोटींच्या रीतीनें स्वल्पविराम घालण्यासाठीं आम्हीं चाळीस ओळी स्वहस्तें लिहिल्या होत्या. तें काम जावास्क्रिप्टमध्यें आधींच आहे! भाषा मराठी व देश भारत असें सांगितलें कीं ती स्वतःच '१२,३४,५६७' असें देवनागरी अंकांत मांडून देते. चाळीस ओळी पुसल्या. परंतु मांडून दाखविण्याची ही सोय असली तरी उलट बाजूनें, म्हणजे माणसानें लिहिलेलें वाचण्याची, तशी सोय तींत नाहीं. 'नंबर' नांवाची दुसरी एक क्रिया आहे. ती स्वल्पविराम पाहून 'हा आकडाच नव्हे' असें स्वच्छ सांगते, हें चांगलें. पण मोकळी जागा दिली तर तिचा शून्य करिते, हें फार वाईट. न भरलेला हप्ता आणि शून्य रुपयांचा हप्ता यांत काय अंतर आहे, हें बचत गटांतील कोणतीहि बाई सांगेल. म्हणून आमच्या वाचनक्रियेस आम्हीं असा नियम घातला कीं, लिहिलेलें निःसंशय आकडा असेल तरच तो घ्यावा. नाहींतर कांहींच न घेतां, 'कळलें नाहीं' म्हणून माणसास परत विचारावें.

पूर्वीं रिकाम्या जागेचा शून्य होत असे आणि आतां होत नाहीं, म्हणजे जुन्या वापरणाऱ्यांचें कांहीं तरी मोडणार. अशा वेळीं आवृत्तीच्या तीन आंकड्यांपैकीं पहिला वाढवावा, म्हणजे ज्याला त्याला आपल्या सवडीनें नवें घेतां येतें, असा या धंद्यांतील संकेत आहे. तो आम्हीं पाळला. मार्च २०१६ मध्यें 'लेफ्ट-पॅड' नांवाचें अवघ्या अकरा ओळींचें एक पुडकें त्याच्या कर्त्यानें एनपीएम नांवाच्या सार्वजनिक भांडारांतून काढून घेतलें, तेव्हां त्यावर विसंबलेले ठिकठिकाणचे असंख्य प्रोग्राम बांधतांना अडून बसले होते. आमच्यावर विसंबणारे तिघेच. पण त्यांतील एक आमची आई.

आणखी एक फसगत थोडक्यांत सांगतों. आमच्या प्लगइननें प्रथम येतांना स्वतःबरोबर व्ह्यूची दुसरी प्रत आणिली. एका घरांत दोन सांगाडे झाले, आणि एकास ठाऊक असलेलें दुसऱ्यास ठाऊक नाहीं, असा विलक्षण गोंधळ माजला. पाहुण्यानें आपली चूल बरोबर आणूं नये. यजमानाच्या चुलीवर आपलें शिजेल अशी अट आधीं लिहून द्यावी. तिला 'पीअर डिपेंडन्सी' म्हणतात.

पुढें सप्टेंबर २०२० मध्यें व्ह्यूची तिसरी आवृत्ति निघाली, आणि ३१ डिसेंबर २०२३ रोजीं दुसरीची अधिकृत देखभाल संपली. दुसऱ्या आवृत्तींत रक्कम दाखविण्यासाठीं 'फिल्टर' नांवाची जी सोय आम्हीं वापरीत होतों, ती तिसरींतून काढूनच टाकिली होती. आम्ही घाबरलों होतों. परंतु वाचण्याचें व दाखविण्याचें काम साध्या क्रियांत होतें आणि व्ह्यूशीं बोलणारें कवच तेवढें दहा-बारा ओळींचें होतें. तें एका दुपारीं बदललें. आंतील एका अक्षरासहि हात लावावा लागला नाहीं.

परंतु हें सर्व नंतरचें. २०१९ च्या ऑक्टोबरांत, तोडणीच्या टोळ्या निघण्याच्या सुमारास, आम्ही नवें प्लगइन घेऊन गांवीं गेलों होतों. ती बाई सहा महिन्यांचे पैसे घेऊन आली. आम्हीं फोन तिच्याच हातीं दिला आणि रक्कम तिलाच लिहावयास सांगितली. तिनें सावकाश '१,२००' असें लिहिलें, अगदीं स्वल्पविरामासुद्धां. पडद्यावर बाराशें उमटले. तिनें ते दोनदां वाचले, मान हालविली, फोन आमच्या हातीं परत दिला. मग पिशवींतून शंभर पानांची एक नवी वही काढून ती आईपुढें ठेवीत म्हणाली, "ताई, यावर सही करा."

आईनें आमच्याकडे न पाहतांच सही केली. ती वही आतां भरली आहे. सध्यां दुसरी चालू आहे.