तुळशीचे गोंदण

"आई, हात खाजवू नका हं!" सूनबाईने स्वयंपाकघरातून बजावले आणि वयाच्या ६३व्या वर्षी मी चोरी सापडलेल्या पोरीसारखा हात मागे घेतला.

श्रावणातली गोष्ट. चारच दिवसांपूर्वी मी मनगटाच्या वर तुळशीवृंदावन गोंदवून घेतले होते. हल्लीच्या भाषेत टॅटू!

खरे म्हणजे ही तुळस माझ्या हातावर ५५ वर्षांपूर्वीच यायची. गावच्या जत्रेत आईने मला गोंदणारणीपुढे बसविले होते. काजळात बुडविलेल्या सुया पाहून मी असा टाहो फोडला, की भोवती माणसे जमली. "दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते," आई म्हणाली, "पण नको तर नको." तिचे स्वतःचे हात कोपरापर्यंत हिरवे होते. तुळस, विंचू, चंद्रकोर, सारा संसार तिथे होता.

पुढे मी कॉलेजात गेले. एकदा मैत्रिणी घरी आल्या असता चहा घेऊन येणाऱ्या आईच्या कानाशी मी पुटपुटले, "आई, हात झाक ना!" ती काही बोलली नाही. तिने पदर ओढून घेतला, आणि पुढे माझ्या मैत्रिणींसमोर तो कधी ढळू दिला नाही. गेल्या वर्षी ती गेली. शेवटची आंघोळ घालताना ते हात पुन्हा उघडे झाले. रेषा पसरल्या होत्या. पण तुळस ओळखू येत होती.

गोंदणाऱ्या मुलाने नव्या सुईचे पाकीट माझ्यासमोर फोडले. यंत्राची सुई शिवणयंत्रासारखी खालीवर होऊ लागली. ते दुःख पाऊण तासाचे. खरी परीक्षा पुढेच होती. पहिल्या दिवशी हात सुजला, तापला, पाणी स्रवू लागले. मी सवयीने हळदीच्या डब्याकडे वळले, तो सूनबाई आडवी आली. दिवसातून दोनदा कोमट पाण्याने धुवायचे, टिपून कोरडे करायचे, मलमाचा पातळ हात फिरवायचा आणि उन्हात जायचे नाही, असा तिचा कायदा. मग कंड सुटली. आठव्या दिवशी कांद्याच्या पापुद्र्यासारखी काळी साल निघू लागली, आणि माझा जीव खाली गेला. तुळस गळाली की काय!

सूनबाई हसली. शाई वरच्या कातडीत नसते, खालच्या थरात असते, असे तिने समजाविले. तिथल्या रक्षक पेशी शाईचे कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. त्या पेशी मेल्या की सुटलेले कण नव्या पेशी उचलून घेतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर प्रयोग करून हे दाखविले आहे. मरणारीने खाली ठेवायचे आणि मागून येणारीने उचलायचे! त्या रात्री मला कितीतरी वेळ झोप आली नाही.

तीन आठवड्यांत हात बरा झाला. गौरींच्या हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी माझे मनगट पाहिले. "अगबाई, हे काय?" त्यांनी विचारले. माझा दुसरा हात नकळत पदराकडे गेला.

"माझ्या आईच्या हातावरची तुळस," मी म्हणाले. आणि पदर सोडून दिला.