फाटकापर्यंतची गाडी

गोल्फ कार्ट म्हटले की डोळ्यांसमोर कातरलेल्या हिरवळीची मैदाने येतात. करमाडला काळी माती आहे आणि मोसंबीच्या बागा आहेत. तरीही जालना रस्त्यावर पेढी आणि रस्त्यापासून आत बागेत घर असलेल्या एका कुटुंबात गेले दोन महिने याच गाडीचा विचार चालला आहे.

निमित्त मातोश्रींच्या गुडघ्यांचे. वय ८४. घरापासून फाटक अर्धा किलोमीटर. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे विहार करणाऱ्या साध्वीजी फाटकाजवळच्या राखणदाराच्या खोल्यांत कधी कधी मुक्काम करतात. पूर्वी मातोश्री सूर्योदयाला चालत जाऊन मांगलिक ऐकून येत. या शेषकाळात चार मुक्काम झाले आणि चारही वेळा त्यांनी घराच्या ओट्यावरूनच हात जोडले. त्या तक्रार करीत नाहीत. ते मुलांना अधिक लागते.

घरात मोटार आहे, मग आणखी गाडी कशाला, असे कोणीही विचारील. पण मोटारीत वाकून शिरणे आणि उतरताना गुडघ्यांवर भार देऊन उठणे, हेच त्यांना जमत नाही. पुणे स्थानकावर बॅटरीच्या गाडीत मात्र त्या उघड्या बाजूने टेकल्या, पाय आत वळवले आणि बसल्या. चाकांची खुर्ची त्यांनी नाकारली. दुसऱ्या माणसाने आपल्याला मुरमावरून ढकलत न्यावे, हे त्यांच्या मनाला पटत नाही. माथेरानला माणसांनी ओढायच्या हातरिक्षांऐवजी २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, त्यामागेही हीच टोचणी होती.

ई-रिक्षाचा पर्याय थोरल्या चिरंजीवांनी मांडला. ती कार्टच्या तुलनेत बरीच स्वस्त, नोंदणी होणारी आणि गावात दुरुस्त होणारी. पण तीन चाकांची गाडी खड्ड्यात कलते, आणि पायरी उंच. धाकट्यांनी कार्टच्या बाजूने माहिती जमवली. बंगळुरूची मैनी, पुण्याची, फिरोदिया कुटुंबातील कायनेटिक ग्रीन, शिवाय परदेशी बनावटीच्या, हॉटेलांनी वापरून विकायला काढलेल्या गाड्या. जुनी गाडी निम्म्या किमतीत मिळते खरी. मात्र तिच्या बॅटऱ्या संपत आलेल्या असतील तर वाचलेला पैसा वर्षभरात त्यांतच जातो. वापरलेली कार्ट घेताना रंग आणि गाद्या पाहणारे बरेच, बॅटरीवरची तारीख वाचणारे थोडे.

बॅटरीचाच प्रश्न सर्वांत मोठा ठरला. शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त, पण ४८ व्होल्टसाठी सहा-सहा व्होल्टच्या आठ लागतात, त्यांत वेळोवेळी शुद्ध पाणी भरावे लागते आणि गाडी चार्ज न करता पडून राहिली तर त्या खराब होतात. लिथियमची बॅटरी महाग, पण हलकी, पाणी न मागणारी आणि अधिक वर्षे टिकणारी. आठवड्यातून दोनदा अर्धा किलोमीटर जाणाऱ्या गाडीला लिथियमची चैन कशाला, हा व्यापारी हिशेब बिनतोड वाटतो. पण कमी चालणारी गाडीच पडून राहते आणि शिशाच्या बॅटरीला नेमके तेच सोसत नाही. शेवटी लिथियम ठरले.

मैदानावरच्या गाडीची रुंद, मऊ चाके गवत दबू नये म्हणून असतात. पावसाळ्यातल्या काळ्या चिखलात ती रुततात. म्हणून आधी रस्त्यावर मुरूम आणि मग गाडी, असा क्रम लागला. चार्जिंगसाठी शेतीपंपाची जोडणी वापरायची नाही, घराच्या मीटरवरून वेगळी तार ओढायची, हेही ठरले. जालना रस्त्यावर ही गाडी न्यायचीच नाही. केंद्रीय नियमांतली बॅटरी वाहनाची सूट काही अटींसह २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या वाहनापुरती आहे. कार्टची मोटर काही किलोवॅटची.

बिल पेढीच्या नावे फाडून घसारा घ्यावा, अशी एक सूचना आलीच. व्यापारी घरात ती येतेच. विजेच्या वाहनांवरचा जीएसटी २०१९ पासून ५ टक्के आहे, पण घरच्या वापराच्या अशा प्रवासी वाहनावर त्याची वजावट मिळत नाही, आणि जे वाहन पेढीच्या कामाचे नाही त्याचा घसारा पेढीच्या वहीत लिहिणे म्हणजे वहीला खोटे बोलायला लावणे. मातोश्रींनी चर्चा ऐकली आणि आपली मुदत ठेव पुढच्या महिन्यात पूर्ण होते आहे, एवढेच सांगितले. बिल त्यांच्या नावे होणार.

नातवाने उत्साहात विचारले, “दादी, मग वृद्ध साध्वीजींनाही गाडीतून पुढे सोडता येईल ना?” त्या म्हणाल्या, “अरे, त्यांचा विहार पायीच असतो. गाडी माझ्या गुडघ्यांना लागते, त्यांच्या संयमाला नाही.”

त्यांच्या आणखी दोन अटी आहेत. वेग माणसाच्या चालीइतकाच ठेवायचा, म्हणजे वाटेवरचा जीव दिसेल आणि यतना पाळता येईल; तसा तो कंट्रोलरमध्ये बांधून घेता येतो. पाऊस पडून गेल्यावर वाटेवर गोगलगायी निघतात, त्या दिवशी गाडी काढायची नाही. शिवाय साध्वीजींच्या दारापर्यंत बसून जायचे नाही. खोल्यांच्या दहा पावले अलीकडे एक पांढरा दगड रोवून झाला आहे. तिथे उतरून त्या काठी टेकत पुढे जातील. मुरमाच्या दोन ट्रॉल्या पडल्या आहेत, तिसरी सोमवारी येणार आहे.