साखरेचं चित्र

इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवच्या शिवारात ऊसतोड सुरू झाली की मला एमिल क्लाउस आठवतो. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातला हा चित्रकार लेये नदीच्या काठी, अस्तेन गावात राहायचा. १८९० साली त्याने बीटाच्या काढणीचं भिंतभर चित्र रंगवलं. ते आज जवळच्याच डाइन्झेच्या संग्रहालयात आहे. गारठलेलं रान, वाकलेल्या पाठी, मातीतून उपटलेले कंद. क्लाउस उजेडाचा वेडा, पण त्या उजेडात त्याने माणसांचे कष्ट विरघळू दिले नाहीत.

बीट साखरेचं. नेपोलियनने इंग्रजांशी व्यापार तोडला, उसाची साखर युरोपात पोचेना, म्हणून त्याने बीटाच्या लागवडीला जोर दिला. राजांच्या भांडणातून शेतात नवं पीक आलं.

पळसदेवच्या उसामागेही अशीच उलथापालथ आहे. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, भीमेचं पाणी मागे फुगलं आणि जुनं गाव त्यात गेलं. माणसं वर येऊन वसली. पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्यातच राहिलं. धरण फार आटलं की ते उघडं पडतं आणि फोटो काढायला गर्दी होते. त्याच पाण्यात मोटारी टाकून काठाने ऊस उभा राहिला.

तो तोडायला मराठवाड्यातून नवरा-बायकोच्या जोड्या मुकादमाची उचल घेऊन येतात, फडाजवळ कोप्या घालून राहतात. नवरा बुडख्याशी कोयता घालतो, बायको मोळी बांधते. मग ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या अरुंद फळीवरून ती चढते. मान ताठ, नजर समोर, अनवाणी पावलाची बोटं फळीला घट्ट रोवलेली.

क्लाउसच्याच काळात, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुणब्याच्या घराचं, अंगावरच्या चिंध्यांचं बारकाईने वर्णन केलं. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी कोटितीर्थ तळ्याचं पाणी जीव ओतून रंगवलं. फुल्यांची नजर आणि आबालालांचा हात एकाच चित्रात यावा, असं मला फार वाटतं.

पळसदेवचं चित्र काढणाऱ्याने देवळाच्या शिखराइतकीच जागा त्या फळीला द्यावी. आणि ते चित्र मुंबईच्या दालनाआधी, ऐन हंगामात, इंदापुरात लावावं. मोळी वाहणाऱ्या बाईलाही स्वतःला भिंतभर पाहण्याचा हक्क आहे.