चरोद्यात हीट प्रेस

चरोद्यात टी-शर्टवर काहीतरी छापून हवं असलेला माणूस बारा महिने भेटतो. श्रावणात बोलबमवाल्यांना भगवे टी-शर्ट लागतात, गणपतीत मंडळांना, थंडीत टेनिस बॉलच्या टुर्नामेंटला नाव-नंबरवाल्या जर्स्या. महाशिवरात्रीला देवबलोद्याच्या जुन्या शिवमंदिराशी मेळा भरतो, त्याची वेगळी ऑर्डर. शिवाय इलेक्ट्रिक लोको शेडमधून कुणी ना कुणी रिटायर होतच असतं, त्याला फोटोचा मग. ही सगळी मंडळी भिलाईतलं सुपेला नाहीतर पावरहाउस गाठायची. मी घराच्या पुढच्या खोलीत फॉल-पिको करते, शाळेचे युनिफॉर्म शिवते. गिऱ्हाईक दारावरूनच पुढे जाताना दिसत होतं. कॉलेज संपवून घरी बसलेला भाचा म्हणाला, डिझाइनचं मी बघतो मावशी. राहता राहिली मशीन, म्हणजे हीट प्रेस.

रायपूरला पहिल्याच दुकानात ‘एकात आठ’ पुढे आली. सपाट प्लेट, मगचा पट्टा, टोपीचा, बशीचा, सगळं एकाच सांगाड्यावर. भाचा खूष. मला ती पटेना. कंट्रोलर एकच, म्हणजे मग लावला की टी-शर्ट थांबला. दर वेळी गरम भाग थंड होऊ द्या, वायरीचा प्लग काढा, दुसरा भाग बोल्टने कसा. एवढी काढ-घाल झाल्यावर आधी सैल होणार तो प्लगच. शिलाई मशीनवर इतकी वर्षं बसल्यावर एवढं कळतं. टोपीची ऑर्डर आमच्याकडे कितीदा येणार, याचं उत्तर दुकानदाराकडेही नव्हतं.

खरं तर मशीनच्या आधी कापड ठरवायला हवं, आणि दुकानात नेमकं तेच कुणी विचारत नाही. सब्लिमेशनमध्ये कागदावरच्या शाईची 190 ते 200 अंशांवर वाफ होते आणि ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. हाताला काही लागत नाही, धुऊन जात नाही. कागदावर मळकट, विटका दिसणारा रंग मिनिटभराच्या दाबानंतर कापडावर असा काही उजळतो की पहिल्यांदा बघणारा चाटच पडतो. पण कापड पॉलिस्टर हवं आणि पांढरं किंवा फिकं हवं. सुतीवर तो रंग धरत नाही, काळ्यावर दिसत नाही. क्रिकेटवाल्यांचे डॉट निटचे टी-शर्ट यात बसतात. मंडळाचे गडद सुती टी-शर्ट बसत नाहीत. त्यांच्यासाठी डीटीएफ. फिल्मवर रंगाखाली पांढरा थर आणि गोंदाची पावडर असते. ती फिल्म जॉबवर्कवाल्याकडून मीटरने छापून आणायची आणि घरी 150-160 अंशांवर दहा-पंधरा सेकंद दाबायची. मगचं गणित आणखी निराळं, त्याला खास लेप दिलेलाच मग लागतो. आमच्याकडे येऊ शकणाऱ्या ऑर्डरींची यादी केली तर निम्म्याहून जास्त काम सुतीचं निघालं. म्हणजे महागड्या प्रिंटरपेक्षा नीट तापणारी, नीट दाबणारी सपाट प्लेट हीच आमची गरज.

मापातही एक गोम आहे. सगळीकडे खपते ती 15 बाय 15 इंची, म्हणजे 38 सेंटिमीटरची प्लेट. ए-थ्री कागदाची लांबी 42. चार सेंटिमीटर बाहेरच राहतात! ए-थ्री प्रिंटर घेऊन बसलेल्यांना हे नंतर कळतं. आमचा प्रिंटर ए-फोर, आणि पाठीवरचं नाव-नंबर 38 मध्ये मावतं, म्हणून तेवढीच पुरे असं ठरवलं.

मग उघडायची तऱ्हा. क्लॅमशेल मागच्या बिजागरीवर वर उघडते. जागा कमी लागते, हात भराभर चालतो. पण कपडा सारखा करताना तापलेली प्लेट मनगटाच्या वरच असते आणि हुडीसारखं जाड काही ठेवलं तर बिजागरीकडे दाब जास्त, पुढे कमी. स्विंग अवेमध्ये वरची प्लेट उचलून बाजूला फिरवायची, दाब सरळ खाली पडतो. तिला बाजूची मोकळी जागा लागते. मी शिलाई मशीन भिंतीला सरकवली आणि स्विंग अवेच घ्यायचं ठरवलं.

तिसऱ्या दुकानातला माणूस बोलायला तुसडा होता, पण मशीन चालू करून दाखवायला तयार झाला. मी वर्तमानपत्राच्या चार पट्ट्या फाडून प्लेट थंड असतानाच चार कोपऱ्यांत ठेवल्या, हँडल दाबलं आणि एकेक ओढून पाहिली. तीन घट्ट, डावीकडची पुढची सुळकन निघाली. त्याने पाना आणून ती बाजू सारखी केली, पुन्हा ओढली, मग ठीक. नंतर भाच्याने घरून आणलेला, कडेपासून कडेपर्यंत एकाच राखाडी रंगाने भरलेला कागद पांढऱ्या पॉलिस्टरवर दाबला. साठ सेकंद. कागद सोलला तर मध्ये दाट राखाडी आणि एका कडेला तपकिरीकडे झुकलेला पट्टा. तिथे प्लेट कमी तापत होती. आकड्याच्या डब्यात मात्र ऐटीत 200. तो आकडा सेन्सर बसवला असेल तेवढ्या जागेचा असतो. स्वस्त मशीनमध्ये हीटरची नळी विरळ वळवलेली असते, म्हणून कडा मागे राहतात. शेजारची दुसरी मशीन लावायला सांगितली. दुकानदार कुरकुरला, ‘दीदी, इतना कोई नहीं देखता’. तिच्यावरचा राखाडी मात्र सगळीकडे सारखा आला. तीच बांधून घेतली.

विजेचं काम वायरमनकडून आधीच करून घेतलं होतं. प्लेट 1800 वॅटची, म्हणजे आठेक अँपिअर. साध्या पाच-सहा अँपिअरच्या प्लगचं हे काम नाही. सोळाचा सॉकेट, बोर्डापासून वेगळी जाड वायर, अर्थिंग. तरी मे महिन्यात संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर चालू झाले की व्होल्टेज पडतं. 230 चे 190 झाले की हा हीटर जेमतेम 1200 वॅटचा उरतो. एक टी-शर्ट काढला की प्लेट पुन्हा चढेपर्यंत वाट बघायची. त्यात पंख्याचा झोत प्लेटवर आला की कडा आणखी थंड, म्हणून तोही बंद. त्या दिवसांत मोठी ऑर्डर मी पहाटेच उरकते.

मगसाठी पुढे छोटी वेगळी मशीन घेतली, ती टेबलाच्या कोपऱ्यात बसते. भाचा आता न्यूमॅटिकच्या मागे लागलाय. हवेच्या दाबावर प्लेट आपोआप खाली येते, हात दुखत नाही. पण तिला कम्प्रेसर लागतो आणि त्याची घरघर भिंतीपलीकडे जाते. पलीकडे लोको पायलट राहतो, रात्रभर मालगाडी हाकून सकाळी झोपणारा. त्याने आताच बजावून ठेवलंय, ‘आंटी, मशीन जो लाना है लाओ, दोपहर से पहले चालू मत करना.’