खोक्यावरचा ‘९’ काय सांगतो?



तपासणीचे गोठवलेले नमुने दूरच्या लॅबला पाठवायचे असले, की ते थर्माकोलच्या खोक्यात ड्राय आइस भरून विमानाने जातात. खोक्यावर एका कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौकोनासारखं लेबल असतं. वरच्या अर्ध्या भागात काळे उभे पट्टे आणि खाली ९ हा आकडा. विमानाने जाणाऱ्या धोकादायक मालाचे एकूण नऊ वर्ग आहेत. स्फोटकं, वायू, पेट घेणारे द्रव, विष आणि रोगजंतू, किरणोत्सारी पदार्थ, ॲसिडं वगैरे मंडळी आधीच्या आठांत, आणि त्यांत न बसणारे पण तरीही धोक्याचे पदार्थ नवव्यात. “डॉक्टर, साधा बर्फ यात कसा?” असं नातेवाईक विचारतात. उत्तर आपल्या श्वासात आहे.

ड्राय आइस हा पाण्याचा बर्फ नव्हे. तो उणे ७८ अंशांवर गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तो वितळून ओल येत नाही, त्याचा थेट वायू होतो. एका किलोपासून पाचशे लिटरहून जास्त. हा वायू हवेच्या दीडपट जड, त्यामुळे बंद जागेत तळाशी साचतो. त्याला रंग नाही की वास नाही.

आपण श्वास घेतो तो ऑक्सिजन कमी पडला म्हणून, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात श्वासाचा लगाम मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हातात असतो. रक्तात तो थोडा जरी वाढला तरी मेंदू श्वास वाढवायला लावतो. हवेत त्याचं प्रमाण ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतं. ते ५ टक्क्यांवर गेलं की धाप लागते, डोकं ठणकतं. १० टक्क्यांवर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो.

काही वर्षांपूर्वी विमानतळावर माल चढवणारा-उतरवणारा एक तरुण माझ्याकडे आला. म्हणाला, “साहेब, पोटात शिरलं की धाप लागते, डोकं धरतं. बाहेर आलं की बरं वाटतं.” पोट म्हणजे विमानाचं पोट, हे कळायला मला दोन मिनिटं लागली! छातीचा एक्स-रे, ईसीजी नॉर्मल. बोटाला लावलेलं यंत्र ९८ दाखवत होतं. पण ते यंत्र ऑक्सिजन मोजतं, कार्बन डायऑक्साइड नाही, आणि तोही ओपीडीत येईपर्यंत केव्हाच बाहेर पडून गेलेला असतो. त्रास कोणत्या दिवशी होतो हे खोदून विचारलं, तेव्हा थर्माकोलच्या खोक्यांचा विषय निघाला. औषध दिलं नाही. दार उघडल्यावर लगेच आत न शिरता हवा खेळू द्यायची, एकट्याने जायचं नाही, एवढंच सांगितलं. त्रास थांबला.

आता नियम बघा. खोक्यावर ‘ड्राय आइस’ हे नाव, युएन १८४५ हा क्रमांक आणि बर्फाचं निव्वळ वजन किलोत लिहावंच लागतं. खोकं हवाबंद नको, वायूला वाट हवी, नाहीतर ते फुटेल. वजन का? कारण त्यावरूनच विमान कंपनी ठरवते की त्या विमानातल्या हवेच्या खेळतेपणाला एकूण किती बर्फ झेपेल. जिवंत प्राण्यांचे पिंजरे या खोक्यांपासून लांब ठेवतात. आणि वैमानिकाला उड्डाणाआधी कागद मिळतो. कोणता धोकादायक माल, किती, विमानात कुठे. त्याला ‘नोटोक’ म्हणतात. आम्ही पेशंटची हिस्टरी घेतो तसंच हे. फरक इतकाच, की आम्हाला संशय आला तर पुन्हा तपासता येतं. वैमानिक खोकी उघडून बघू शकत नाही. पाठवणाऱ्याने जे लिहिलं, तेच त्याचं ज्ञान.

हा नुसता कागदी खेळ वाटत असेल तर ३ नोव्हेंबर १९७३ ची घटना वाचा. पॅन ॲमचं मालवाहू बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून स्कॉटलंडला निघालं होतं. मालात नायट्रिक ॲसिडच्या बाटल्या होत्या, आणि त्यांच्याभोवती भरलेला होता लाकडाचा भुसा. आपल्याकडेही काचसामान भुशातच बांधतात, हात सहज तिकडेच जातो. पण नायट्रिक ॲसिड स्वतः ऑक्सिजन पुरवतं. ते गळून भुशाला लागलं, की काडी न ओढताही धूर निघतो. कॉकपिट धुराने भरलं, विमान बॉस्टनकडे वळवलं आणि तिथे उतरताना कोसळलं. तिघेही कर्मचारी गेले. १९७५ साली अमेरिकेत धोकादायक माल वाहतुकीचा नवा कायदा झाला, त्यामागे हा अपघात होता. काही माल प्रवासी विमानात चढवतच नाहीत. ‘फक्त मालवाहू विमान’ असं नारिंगी लेबल लावून, शक्यतो वैमानिकांना हात पोचेल अशा जागी ठेवतात. तिथेही माणसं असतात, हे मात्र विसरलं जातं.

रक्ताच्या नमुन्याला तीन आवरणं लागतात. न गळणारी नळी, तिच्याभोवती सगळा द्रव शोषून घेईल एवढा कापूस किंवा तसलंच काही, मग न गळणारा दुसरा डबा, आणि बाहेर टणक खोकं. ड्राय आइस दुसऱ्या डब्याच्या बाहेर, आत कधीच नाही. भारतात याचे नियम २००३ पासून आहेत. तेव्हा कुरिअरवाला “आत काय आहे?” विचारतो, तेव्हा “कागदपत्रं” म्हणून मोकळे होऊ नका. नमुना आहे, बर्फ आहे, किती किलो आहे, ते सांगा.

आणि औषधाबरोबर असं खोकं घरी आलंच, तर ते एसीच्या बंद खोलीत किंवा काचा चढवलेल्या गाडीत उघडू नका. उरलेला ड्राय आइस फ्रीजमध्ये, झाकणाच्या बाटलीत किंवा मोरीत टाकायचा नाही. उघड्या हाताने धरायचा नाही, भाजल्यासारखी जखम होते. मुलांना धुराची गंमत दाखवायचा मोहही टाळा. मुलांचं नाक जमिनीच्या जास्त जवळ असतं. गच्चीत किंवा उघड्या गॅलरीत खोकं सैल झाकून ठेवा, बर्फ आपोआप उडून जाईल. कोणाला धाप लागली, डोकं गरगरलं, तर आधी त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा, ऑक्सिमीटर शोधत बसू नका.