अर्ध्या तिकिटाचा प्रवास

माझे चिरंजीव कॅलगरीला असतात. शिकायला गेले तेव्हा खिसा बेताचाच. व्हँकुव्हरपासून कॅलगरीपर्यंतचा साडेनऊशे किलोमीटरांहून अधिक रस्ता रॉकी पर्वत ओलांडून बसनेच केला. पुढे ऑक्टोबर २०१८ अखेर ग्रेहाउंड कंपनीने पश्चिम कॅनडातल्या आपल्या जवळजवळ सगळ्या बसगाड्या बंद केल्या, तेव्हा हा पठ्ठ्या फोनवरून अनोळखी लोकांच्या मोटारीत जागा ठरवून, पेट्रोलचा वाटा देऊन हिंडला. त्या फुशारक्या मी कितीदा ऐकल्या असतील!

आणि मी मानोऱ्याला एकटी, बसने जाणार म्हटले, तर हाच मुलगा म्हणाला, "आई, या वयात? मी इथून गाडी ठरवून देतो. एसी, ड्रायव्हरसकट."

वय सदुसष्ट. हे गेल्याला वर्ष झाले होते. त्यांच्या हयातीत मी स्वतःचे तिकीट स्वतः कधी काढले नव्हते. तिकिटे त्यांच्या खिशात, पाण्याची बाटली माझ्या पिशवीत, अशी आमची वाटणी. तेव्हा मुलाचे अगदीच चूक होते असे नाही. पण मानोऱ्याला मला एसी मोटारीतून उतरायचे नव्हते.

कारण सांगते. वडील तिथे शाळामास्तर होते. मानोरा तेव्हा अकोला जिल्ह्यात. वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. माझ्या बाकावर तांड्यावरची एक बंजारा मुलगी बसे. वसंतराव नाईक १९६३ साली मुख्यमंत्री झालेले, त्यामुळे तांड्यांवरून मुले शाळेत धाडण्याचा उत्साह होता. मुली मात्र आमच्या वर्गात दोनच. हिने एकदा मला कवड्या नि आरशाचे तुकडे लावलेली कापडी पिशवी दिली, स्वतः शिवलेली. आईने ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. का, ते सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी मी पिशवी परत केली आणि म्हटले, "मला लहान होते." त्याच उन्हाळ्यात, १९७० साली, वडिलांची बदली झाली. पंचावन्न वर्षे ते वाक्य मधूनमधून टोचत राहिले.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने अकोला. तिथून बार्शीटाकळीवरून मंगरूळपीरची लाल बस. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे आणि पासष्ट ओलांडलेल्यांनाही अर्धे. मी कंडक्टरला विचारले, दोन अर्धी मिळून एक पूर्ण माफी होते का? तो हसून म्हणाला, "नाही माय, त्यासाठी पंच्याहत्तर करा." पंच्याहत्तर झाली की फुकट! आठ वर्षे थांबायचे, एवढेच. गाडीत निम्म्याहून अधिक बायकाच होत्या. माहेरी निघालेल्या, दवाखान्यात निघालेल्या, एक तर नुसती बहिणीशी भांडायला निघालेली. अर्ध्या तिकिटाने घरोघरी काय उलथापालथ केली आहे ती अशा बसमध्येच कळते.

मंगरूळपीरला पुढची बस यायची ती आलीच नाही. तासाभराने फलाट रिकामा झाला, पोटात गोळा आला आणि हात नकळत फोनकडे गेला. मुलाला सांगितले असते तर त्याने कॅलगरीत बसून मोटार पाठवली असती. तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, "मानोरा, मानोरा, मानोराऽ!" काळी-पिवळी. ती वेळेवर निघत नाही, भरल्यावर निघते. ड्रायव्हरने मला पुढे बसवले. "कुठी उतरता आजी? कोनाकडे?" मी नाव सांगताच मागच्या सिटावरून चौकशी सुरू झाली. कोणता तांडा, बापाचे नाव काय, भाऊ किती. मुलगा फोनवर अनोळखी माणसाचा फोटो आणि शेरे पाहून मग गाडीत बसतो. इथे गाडीनेच माझी पुरी तपासणी केली.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता नि तूर पिवळी पडली होती. लहानपणी दारव्ह्याहून मूर्तिजापूरला आम्ही शकुंतलेने जात असू. ती नॅरो गेजची आगगाडी इंग्रज कंपनीने कापसासाठीच घातली. यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर, आणि १९९४ पर्यंत वाफेवर चालली. आता ती बंद आहे.

मानोऱ्यात आमचे घर सापडले नाही. त्या जागी मोबाइलची दुकाने आहेत. फार वाईटही वाटले नाही, हे मला नवलाचे वाटले.

मैत्रिणीचा तांडा पोहरादेवीच्या वाटेवर. पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे नगाऱ्याच्या आकाराचे संग्रहालय उघडले आहे. आत बंजारा कशिदा पाहताना कवड्यांची ओळ दिसली आणि मी तिथून लवकरच बाहेर आले.

तांड्यावर एका म्हातारीने कपाळावर हात धरून मला न्याहाळले. "ती? ती तर दिग्रसला लेकीकडे असते." एका पोराने फोन लावून माझ्या कानाशी धरला. मी नाव सांगितले, वडिलांचे सांगितले, आणि धीर करून पिशवीचे सांगून टाकले.

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, "पिशवी? कोनती पिशवी? अशा तं मी कितीक शिवल्या!" आणि लगेच, "तू माही गणितं करून देत होती ना? एक डाव चुकीचं देलं होतं. मास्तरनं, म्हंजे तुह्या बापानं, मले उभं केलं होतं." हे मात्र मला अजिबात आठवत नव्हते!

"आता कुठी जातं? इकडे ये. भाकर टाकतो."

दिग्रसला पुन्हा काळी-पिवळीनेच गेले. मागे कापसाच्या पोत्यांना टेकून, कारण पुढची जागा एका बाळंतिणीला दिली होती. सगळ्या फिरतीचा खर्च त्या एसी मोटारीच्या एका दिवसाच्या भाड्याच्या निम्मासुद्धा झाला नाही.

स्टँडवर उतरते तोच मुलाचा फोन. "आई, कुठे आहेस? एकटीच आहेस ना?" मी म्हटले, "थांब जरा, नंतर बोलते." समोर चष्मा लावलेली, पांढऱ्या केसांची एक बाई प्रत्येक गाडीच्या खिडकीत डोकावत फिरत होती. माझ्यासमोरून ती दोनदा गेली आणि दोन्ही वेळा तिने मला ओळखले नाही.