तीर्थनच्या काठी हवी कशी काठी?

मे महिना उजाडला की कुलू-मनालीच्या रस्त्यावर जागोजागी मराठी ऐकू येऊ लागते. 'रोहतांगला बर्फ आहे का?' इथपासून 'इथे वरण-भात मिळेल का?' इथपर्यंत. या मंडळींच्या बहुतेक गाड्या औटच्या बोगद्यात शिरतात आणि थेट मनालीच्या दिशेने सुसाट निघून जातात. मात्र याच बोगद्याच्या तोंडापासून एक रस्ता लारजीकडे वळतो. तो फारसा कुणी धरत नाही. जो धरतो, त्याला थोड्याच वेळात तीर्थन नदीची सोबत मिळते आणि ती बंजारवरून पुढे गुशैणीपर्यंत सुटत नाही.

ही नदी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या पहाडांतून येते. 2014 साली या उद्यानाचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले. हिमाचलातल्या कित्येक नद्या आज बोगद्यांतून आणि टर्बाइनमधून वाहतात. तीर्थनवरही जलविद्युत प्रकल्प आखले गेले होते. पण खोऱ्यातल्या लोकांनी नेटाने विरोध केला, बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब त्यात पुढे होते, आणि ते प्रकल्प रद्द झाले. म्हणून येथे पाणी अजूनही खळाळते, थंडगार राहते आणि त्यात ट्राउट मासा टिकून आहे.

हा मासा मूळचा इथला नव्हे. इंग्रज साहेबांनी आपल्या छंदापायी 1900 च्या सुमारास ब्रिटनमधून ट्राउटचे बी काश्मीरला आणले. तिथून 1909 मध्ये ते कुलूच्या खोऱ्यात आले. हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याने बियासकाठी त्याची पैदास सुरू केली. पुढे ट्राउट आसपासच्या नद्यांत असा रुजला की आता तो पहाडी वाटतो. महाराष्ट्रातल्या नद्यांत मात्र तो शोधू नये. त्याला थंड पाणी लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचा निभाव लागणार नाही.

गुशैणीच्या आसपास नदीकाठी उतरलेल्या कुटुंबात दुसऱ्या दिवशी हमखास एक प्रसंग घडतो. पलीकडच्या खडकावर कुणीतरी हवेत दोरीची लांबलचक वळणे काढत असतो. मुले टक लावून पाहतात. बाबांनाही मोह होतो. मग पुढच्या वर्षी सगळ्यांनी मिळून हे शिकायचे ठरते. घरी परतल्यावर रॉडची खरेदी होते आणि नेमकी तिथेच गोष्ट फसते. दुकानातला सर्वांत देखणा, महागडा, कडक रॉड घरी येतो. दहा वर्षांच्या मुलीच्या हाताला तो पेलत नाही, अर्ध्या तासात मनगट दुखते, दोरी मागच्या झाडात अडकते आणि रॉड माळ्यावर जातो. चार दिवसांच्या सुट्टीत रुसून काठावर बसलेले मूल कुणाला हवे असेल?

वजन माशीचे नव्हे, दोरीचे

रॉड निवडण्याआधी हा प्रकार आपल्या नेहमीच्या गळापेक्षा वेगळा कसा, हे समजून घ्यायला हवे. कोकणात गरवायला बसणारा माणूस दोरीला शिसे आणि आमिष लावतो. फेकले जाते ते ते वजन, दोरी मागून ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसे आणि धागे गुंडाळून केलेली नकली माशी असते. ट्राउट पाण्यावरचे किडे खातो, म्हणून ही फसवणूक. पण ही माशी जवळजवळ बिनवजनाची. ती फेकणार कशी? म्हणून इथे दोरीच जाड आणि जड केलेली असते. रॉड फेकतो ती दोरी. माशी तिच्या शेपटाला लटकून जाते.

म्हणूनच प्रत्येक फ्लाय रॉडवर मुठीच्या वरच्या बाजूला एक आकडा असतो: 3, 4, 5, 6... हा आकडा रॉडच्या वजनाचा नसून त्याला कोणत्या क्रमांकाची दोरी चालते त्याचा असतो. 5 क्रमांकाच्या दोरीचे पुढचे 30 फूट सुमारे 9 ग्रॅम भरतात, म्हणजे चहाचे दोन चमचे साखर! दोरी आणि रॉड यांचे आकडे जुळले नाहीत तर पट्टीचा वस्तादही हात टेकेल. नवख्याने रॉड, रील आणि दोरी असा जुळवलेला संच घेतला तर ही भानगडच उरत नाही. सुटे घेणार असाल तर पैसे चांगल्या दोरीवर खर्च करा. लहान ट्राउटसाठी रील म्हणजे दोरी गुंडाळून ठेवायची चकरी, तिच्यावर उगाच पैसे उडवण्यात अर्थ नाही.

सामान्य सल्ला नऊ फुटी, 5 क्रमांकाचा रॉड घेण्याचा असतो. तो वाईट नाही. पण तीर्थनचे पात्र फार रुंद नाही, काठावर झाडांच्या फांद्या वाकलेल्या आणि दगड मोठाले. इथे लांबवर दोरी फेकण्याचे प्रसंग कमी, अडकण्याचे जास्त. त्यामुळे घरात मिळून एकच रॉड घ्यायचा असेल तर साडेआठ फुटी, 4 किंवा 5 क्रमांकाचा बरा. आठ-दहा वर्षांचे मूल शिकणार असेल तर साडेसात-आठ फुटांवर थांबावे. साधा हिशेब असा की, मुलाच्या मापाचा रॉड बाबांना चालतो, बाबांच्या मापाचा मुलाला चालत नाही.

लांबीपेक्षाही महत्त्वाचा तो रॉडचा वाक. काही रॉड फक्त शेंड्याशी वाकतात. दुकानदार त्यांना 'फास्ट' म्हणतात आणि हौसेने तेच पुढे करतात. त्यांनी दोरी लांब जाते खरी, पण हाताची वेळ अचूक साधावी लागते. मध्यापर्यंत वाकणारा, 'मीडियम' रॉड जरा संथ असतो. दोरी मागे नेली, ती मागे सरळ होईपर्यंत क्षणभर थांबले, मग पुढे आणली, एवढेच तर शिकायचे असते. आणि तो थांबण्याचा क्षण मऊ रॉड हाताला जाणवून देतो. दुकानात शेंडा दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन मूठ हलकेच उचलून बघावी, वाक कुठे पडतो ते लगेच दिसते. आणि मूठ मुलाच्या हाती जरूर द्यावी. बुचाच्या त्या मुठीवर अंगठा टेकवून बोटे पुरी वळली नाहीत, तर तो रॉड कितीही सुंदर असला तरी परत ठेवावा.

ग्रॅफाइट हलके असते, फायबरग्लास किंचित जड पण मऊ आणि दणकट. धसमुसळ्या मुलांसाठी फायबरग्लास मुळीच कमीपणाचे नाही. ग्रॅफाइटबाबत एक इशारा मात्र आई-वडिलांनी कायमचा लक्षात ठेवावा: त्यातून वीज वाहते. पहाडी गावांत विजेच्या तारा नदीवरून आणि पायवाटांवरून गेलेल्या असतात. तारेखालून जाताना रॉड आडवा धरावा आणि ढग गडगडू लागताच खाली ठेवून काठापासून दूर व्हावे.

रॉड चार तुकड्यांचा घेतला की तो सव्वादोन फुटांच्या नळीत मावतो, बसच्या फळीवरही बसतो. नळीचा कंटाळा करू नये. रॉड माशापेक्षा गाडीच्या दारात सापडून जास्त मोडतात!

सराव मैदानावर, मासे मागाहून

पहिले धडे पाण्यावर नव्हे, सोसायटीच्या मैदानावर गिरवावेत. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधला की कुणाला इजा होत नाही. नदीवर गेल्यावर मात्र चष्मा आणि टोपी प्रत्येकाला हवीच, नुसते पाहणाऱ्यालाही. मागे जाणारा गळ डोळा की झाडाचे पान हे पाहत नाही. मुलांना प्रवाहात उतरू देऊ नये. दगड शेवाळलेले असतात आणि उन्हाळ्यात बर्फ वितळले की दुपारनंतर पाणी नकळत वाढते. जुलै-ऑगस्टमध्ये तर काठाच्याही फार जवळ जाऊ नये. 2023 च्या जुलैत कुलू जिल्ह्यातल्या नद्यांनी रस्ते आणि घरे वाहून नेली, हे विसरण्याजोगे नाही.

रॉड विकत घेण्याची घाईही नको. तीर्थनच्या खोऱ्यातले कित्येक होम-स्टे रॉड भाड्याने देतात. फक्त आधीच विचारून घ्यावे, कारण पुष्कळदा हाती येतो तो चकाकत्या धातूचा चमचा फेकायचा साधा रॉड. तोही मजा देतो, पण हवेतली ती वळणे त्याने निघत नाहीत.

गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला की मासा फार जखमी न होता सुटतो. हात ओले करून धरावा, पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये आणि सोडून द्यावा. जेवणात ट्राउट हवाच असेल तर खोऱ्यातल्या मत्स्यशेतीतला मिळतो, चवीला झकास असतो.

गळ टाकायला हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो. तो आधी घ्यावा, त्यावरच्या अटी मुलांनाही वाचून दाखवाव्यात. ट्राउटच्या पाण्यात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, कारण ते दिवस माशांच्या विणीचे. मार्च ते जून आणि पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. दिवाळी नोव्हेंबरात येणार असेल तर त्या सुट्टीचे आरक्षण करताना रॉड घरीच ठेवावा. तेव्हा नदी नुसती पाहायला मिळेल.